काठावरची कुंभेवाडी

कुंभेवाडी खाणीत गेली त्याला सात वर्षं झाली, पण सरकारदरबारी ती अजून जागच्या जागी होती. त्यामुळे तिथली बेचाळीस घरं पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढत असूनही विस्थापित नव्हती. आहे की नाही कमाल!

या चमत्काराचं नाव काठनोंद. एखाद्या जागेच्या आत जे जे आहे, ते सगळं तिला वेढणाऱ्या पृष्ठभागावर पुरेपूर लिहिता येतं. आतली खोली, अंतरं हा त्या लिखाणाचाच एक अर्थ, असं भौतिकशास्त्र सांगतं. खाण सुरू होण्याआधी शास्त्रज्ञांनी अख्खी दरी अशी उतरवून घेतली. नोंदीतलं गाव चित्रासारखं थांबलं नाही, नोंदीच्या आत तिथली माणसं जगत राहिली. मग नोंद आहे म्हणजे गाव आहे, असा कायदाच झाला.

आता तो पृष्ठभाग पुसून दुसऱ्या दरीसाठी हवा होता. प्रकल्पाचे शास्त्रज्ञ डॉ. हेरंब साठ्ये कागद घेऊन शेडमध्ये आले.

"मथुराबाई, एक्केचाळीस घरांनी सह्या केल्यात, तुमची तेवढी राहिलीय. नोंदीतली माणसं ही माणसं नव्हेत, एवढंच लिहून द्यायचं. मग गाव नष्ट झालं असं ठरेल आणि सगळ्यांना जमिनी मिळतील."

"मग ती एक्केचाळीस घरं पुसा. आमचं ठेवा."

"तसं होत नाही. आमटीत मीठ उतरावं तसं प्रत्येक घर साऱ्या पृष्ठभागावर पसरलंय. पुसलं तर सगळंच पुसलं जाणार."

मथुराबाईंचे यजमान रावजी शेडमधल्या पहिल्याच उन्हाळ्यात गेले. नोंद घेतली तेव्हा ते चांगले धडधाकट होते.

"जमिनी द्यायच्या नव्हत्या तेव्हा ते गाव खरं, आणि आता जागा हवी तर खोटं? जिभेला काही हाड आहे का तुमच्या?"

"नियम मी केले नाहीत, बाई."

"कागद तुम्हीच आणलात ना?"

साठ्यांनी पेन पुढे केलं. शेजारची कमळी कडेवरचं मूल सावरत म्हणाली, "काकू, करा ओ सही. पोरं इथंच जन्मली, इथंच तापानं फणफणतायत."

मथुराबाईंनी पेन घेतलं. "मालक आत्ता काय करतायत तिथं?"

साठ्यांनी हातातल्या पडद्यावर पाहिलं. "ओट्यावर बसलेत. तुम्ही चहा आणून दिलाय."

"त्यांना कळेल?"

"नाही. काही त्रास होणार नाही."

"आम्हाला उठवलंत तेव्हाही हेच म्हणाला होतात!"

सही करताना पेन कागदात रुतलं. तो कागद साठ्यांच्या अंगावर भिरकावून मथुराबाई ओरडल्या, "थोडी लाज असेल तर थांबा जरा. चहा तरी होऊ दे त्यांचा."