आत्या आज खेळली असती तर…

तो हवा भरायचा पंप मागायला आला आणि माझ्या आत्याचा अपमान करून बसला.

क्लबच्या तळमजल्यावर मी जुन्या मॅचच्या टेप कॉम्प्युटरवर उतरवून घेते. त्या दिवशी पडद्यावर तीस वर्षांपूर्वीची फायनल चालू होती. दारात तो उभा – मुलींच्या टीमचा नवा असिस्टंट कोच, काखेत मऊ पडलेला बास्केटबॉल.

"टीमचा खेळ मांडणारी ही पॉइंट गार्ड आजच्या मॅचमध्ये पाच मिनिटंही टिकणार नाही," पडद्याकडे बघत तो म्हणाला. "लांबून एक शॉट नाही. नुसता बॉल खेळवतेय."

"ती माझी आत्या आहे."

त्याचे कान लाल झाले. मला ते आवडलं… पण तसं दाखवायला मी काय खुळी आहे?

"सॉरी. पण… खरंच टिकली असती?"

"पूर्ण बघा, मग बोला."

त्यानं खुर्ची ओढली. दुसऱ्या दिवशी वही घेऊनच आला. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या क्लबमध्ये त्याला नोकरी मिळत होती, आणि जुने पॉइंट गार्ड आज कसे खेळले असते, यावर त्यांनी त्याच्याकडून टिपण मागवलं होतं. माझ्याकडे आत्याच्या अकरा टेप होत्या. पळवून बघितल्या तर त्या खराब होतात, असं मी बेधडक ठोकून दिलं.

चौथ्या टेपला 'तुम्ही'चं 'तू' झालं. आठव्या टेपपर्यंत माझा जीव त्याच्यात पुरता अडकला होता, आणि टेप तर संपत चालल्या होत्या.

अकराव्या टेपला तो एकदम पुढे झुकला.

"थांबव… अडवणारीचा हात बघ. आत्याच्या कमरेवर. सगळी मॅचभर."

"तेव्हा चालायचं ते. आत्या सांगते, मॅचनंतर आठवडाभर कंबर दुखायची."

"आज लगेच शिट्टी वाजेल." तो उठला. "कितीसा अडथळा होत असेल गं? मला अडवून बघ."

बाहेरच्या लांबलचक बोळात तो बॉलचे टप्पे देत उभा राहिला. मी त्याच्या कमरेवर पंजा टेकवला. इस्त्रीचा कडक शर्ट, आतली ऊब… तो डावीकडे वळला की मी तिकडे, उजवीकडे वळला की तिकडेही. त्याला तीन पावलं धड टाकता येईनात.

"बाप रे," तो धापा टाकत म्हणाला. "असा हात असताना ती सगळ्यांना चुकवत होती? आज तिला कोणी धरूच शकलं नसतं."

"झालं तर मग तुझं टिपण." मी हात काढला. "जा. वाट मोकळी आहे."

तो जागचा हलला नाही. बॉल तिथल्या तिथे आपटत राहिला.

"सोमवारी त्या क्लबला उत्तर द्यायचंय. तू अजून काहीच बोलली नाहीस."

"हात लावून अडवायची आता परवानगी नाही."

"तोंडानं अडवायला कुणी बंदी केलीय?"

मी त्याच्या वाटेत आडवी उभी राहिले.

"जाऊ नकोस," मी म्हणाले. "तू मला आवडतोस… फार आवडतोस."

"नाही जात," तो म्हणाला, आणि बॉल अलगद माझ्याकडे टाकला. मी तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि बराच वेळ परत दिला नाही.