खोल पाण्यातली शिकवणी

डॉक्टरांच्या गळाला पहिल्याच दिवशी काय लागलं असेल, तर तिची टोपी!

ती काठावरून चालली होती. डॉक्टर गुडघाभर पाण्यात उभे राहून काठी मागे झुलवत होते, आणि बघता बघता तिची टोपी भुर्रकन प्रवाहात. "सॉरी... अहो, खरंच सॉरी!" म्हणत ते वळले तेव्हा तिला चांगलं रागवायचं होतं. पण त्यांचे कान असे लालबुंद झाले होते, की तिला हसूच फुटलं.

"दातांचे डॉक्टर ना तुम्ही? नवीन आलेले?"

"कसं ओळखलंत?"

"ओढायची घाई बघून."

येणाऱ्याजाणाऱ्यांना गळ टाकायला शिकवणं हा तिचा व्यवसाय, त्यामुळे शिकवणी तिथल्या तिथे ठरली... दर रविवारी सकाळी. डॉक्टर इथल्या दवाखान्यात कुणाच्या तरी बदली तात्पुरते आले होते. पुढे मोठ्या शहरातल्या इस्पितळात त्यांना नोकरी मिळायची होती. "खोल पाण्यातला एक मासा मिळाला, की मी निघालो," ते म्हणाले.

"मग मुक्काम लांबणार तुमचा," ती म्हणाली.

खोल, वेगाच्या पाण्यात मासा तळाशी, दगडाच्या आडोशाला असतो. गळावरच्या पिसांच्या खोट्या माशीला शिशाचा मणी बांधून ती तिथवर पोचवायची असते आणि दोरी सैल सोडायची असते. मासा माशी तोंडात घेतो तेव्हा हाताला काही कळत नाही. वाहती दोरी फक्त क्षणभर थबकते. ते दिसलं की ती ओरडायची, "आता!" आणि डॉक्टर एक तर उशीर करायचे, नाहीतर अक्कलदाढ उपटल्यासारखा हिसका द्यायचे.

"हळू हो! पेशंट आहे का तो?"

"पेशंट निदान तोंड उघडून बसतो..."

"गिऱ्हाइकाला शिकवायला जाताना आरशात बघणारी तूच एक," आत्या घरी चिडवायची. ती उडवून लावायची. नदीवर माणसं येतात, शिकतात, जातात. कुणाला 'राहा' म्हणायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. पण शनिवार दुपारपासून तिचं कशातच लक्ष लागेनासं झालं होतं, हेही खरं.

मग एका रविवारी बूट चढवताना डॉक्टर म्हणाले, "शहरातल्यांना आज संध्याकाळपर्यंत होकार कळवायचाय. इथल्या दवाखान्यातलेही राहा म्हणतायत... बघू."

"हं," ती म्हणाली.

मांडीभर पाण्यात दोघं शेजारी उभी राहिली. प्रवाह पायांना ढकलत होता. माशी खाली गेली, दोरी सुळकन वाहत निघाली आणि... थबकली.

तिला दिसलं. 'आता' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तिने तोंड मिटून घेतलं. दोरी पुन्हा वाहू लागली. मासा गेला. आजवर तिने एकाही गिऱ्हाइकाला असं फसवलं नव्हतं. तिचं तिलाच वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त हायसं वाटलं.

"थांबली होती ना?" डॉक्टर पाण्याकडे बघतच म्हणाले.

"तुम्हाला... दिसली?"

"स्पष्ट."

"मग ओढलं का नाहीत?"

"तुम्ही का ओरडला नाहीत?"

"मी आधी विचारलंय!"

"मासा मिळाला असता तर जावं लागलं असतं," ते सरळ म्हणाले. या खेपेला त्यांचे कानच काय, मानही लाल झाली होती. "आता तुमचं सांगा."

ती त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "जाऊ नका. तुम्ही गेलात तर मला इथे करमणार नाही... माझ्याच नदीवर करमणार नाही."

डॉक्टरांनी खिशातून फोन काढला, उंच धरला, पुन्हा खाली घेतला. "रेंज नाही. नकार कळवायला वर रस्त्यावर जावं लागेल."

"चला मग. उशीर कशाला?"

त्यांनी हात पुढे केला. त्या पात्रातला दगड न् दगड तिला पाठ होता. आधाराची गरज असलीच तर त्यांना होती. तरी तिने तो हात घट्ट धरला आणि काठावर पोचल्यावरही सोडला नाही.