छातीवरची कळी

देवकीबाय सुर्ल्याच्या शाळेत गणित शिकवायची आणि देवीच्या कौलाला हसायची. पण नवऱ्याला, गुरुदासला, खनिजाच्या ट्रकचा गिअर टाकता येईना, दंडावरचं मांस आपोआप फुरफुरू लागलं, तेव्हा तिचंही हसू आटलं. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. पणजीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हात-पाय हलवणाऱ्या नसा मरत चालल्यात, औषध नाही. दोन वर्षं, फार तर तीन. आधी हात जाईल, पाय जाईल की गिळणं, ते मात्र कोणालाच सांगता यायचं नाही.

सासूने, सरस्वतीने, ते ऐकलं आणि तडक केळबायचं देऊळ गाठलं. म्हातारीला एकटं कसं सोडायचं म्हणून देवकी मागोमाग गेली. शांताराम गुरवाने पिटकुळीच्या ओल्या कळ्या देवीच्या अंगावर चिकटवल्या, हातांवर, पायांवर, गळ्यावर, छातीवर. कौलाची रीत साधी. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. पण आईच ती, रीतभात विसरून गेली.

"आवय, म्हज्या पुताचें कितें कितें वतलें तें सांग."

काय काय जाणार, असं देवीला कोणी विचारत नाही. शांतारामचा चेहरा उतरला. डाव्या हातावरची कळी पडली. मग उजव्या पायावरची. मग उरलेला हात, उरलेला पाय. खूप वेळाने गळ्यावरची. छातीवरची काही पडली नाही, आणि सरस्वती सुनेला बिलगून रडली, पोर वाचला म्हणून.

सगळं त्याच क्रमाने गेलं. देवकी योगायोग म्हणत राहिली, गुरुदासची वाचा गेल्यावर तेही म्हणेनाशी झाली. डॉक्टरांनी दिलेली मुदत उलटली, पुन्हा तेवढीच उलटली. असा रोगी पाहिला नाही, म्हणाले. गुरुदासची नुसती हाडं आणि डोळे उरले होते. पाठीला जखमा पडून त्यांना वास यायचा, आणि छाती मात्र संथ वरखाली व्हायची. देवकीला ते बघवेना.

एका दुपारी तिने त्याच्या कानाशी विचारलं, सुटायचंय का. त्याने डोळे मिटले. तिने ते हो धरलं.

देवळात जाऊन तिने शांतारामला छातीवरच्या त्या कळीचं विचारलं.

"ती पडूंक ना, बाय," तो खाली बघत म्हणाला. "हांवेंय काडूंक ना." म्हणजे ती अजून तिथेच होती.

तो विहिरीवर गेला, तशी ती गाभाऱ्यात शिरली.

कळी अजून ओली होती.

तिने नख लावून ती सोडवली. खालचा दगड कोमट लागला.

घरी पोचली तर दारात माणसं जमलेली. गुरुदास गेला होता. देवकीला रडू फुटलं, आणि हलकंही वाटलं.

शेजारी त्याला आंघोळीसाठी उचलू लागले, तर तो खाटेवरून सुटेना. सगळ्यात आधी गेलेल्या त्या डाव्या हाताने त्याने खाटेची कड धरली होती. बोटं एकेक करून सोडवावी लागली.