भिंगरीच्या टाचा

दार ढकलून ती बाहेर आली आणि थेट त्याच्या छातीवर आदळली. हातातले व्यायामाचे चेंडू टणाटण उड्या मारत जिना उतरले. त्याच्या कडेवरची भाची खुदकन हसली.

"मामा, तू बाईंना पाडलंस!"

"बाईच अंगावर आल्या," तो म्हणाला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं... आणि पुढचं बोलायचंच विसरला.

भाचीला घरात भिंगरी म्हणत. पाय मात्र जन्मापासून इतके ताठर, की ती गुडघ्याला गुडघा अडकवून चवड्यांवर जेमतेम उभी राहायची. ते पाय सैल करायला मामा तिला रोज व्यायाम करून घेणाऱ्या या बाईकडे आणू लागला.

"मलाही एखादा व्यायाम सांगा की!"

"तुम्हाला? तोंड बंद ठेवायचा."

असं म्हणताना तिलाच हसू फुटायचं.

पुढे डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. पाठीच्या कण्यातल्या, पाय आखडवणाऱ्या काही नसा निवडून कापायच्या. भिंगरीची आई हबकलीच. "ताई, मी आहे ना," म्हणत मामानेच तिला तयार केलं.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. काही दिवसांनी तो भिंगरीला घेऊन हसतच व्यायामाच्या खोलीत शिरला. सवयीने तिला जमिनीवर उभं केलं, हात सोडले...

पाय चिंधीसारखे दुमडले!

बाई झेपावली म्हणून भिंगरी वाचली. मामाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आधी उभी तरी राहायची! काय करून ठेवलंत तुम्ही?"

सुरुवातीला पाय लुळे वाटतील, हे बाईने भिंगरीच्या आईला बजावून सांगितलं होतं. याच्याशी रोज इतक्या गप्पा मारल्या, आणि नेमकं हेच राहिलं!

"चूक माझी," ती कशीबशी म्हणाली. "आधी तो ताठरपणाच तिला उभं करायचा. तो गेलाय. आता ताकद आणायची."

"आणि नाही आली तर? ताईला काय तोंड दाखवू?"

तो रोज येत राहिला, पण मुकाट. थट्टा नाही, वर नजर नाही. तिला ते फार लागलं, आणि का लागलं हे उमगल्यावर ती स्वतःच चपापली.

मग काही आठवड्यांनी एका सकाळी, दांडीला धरून उभी असलेली भिंगरी एकदम थबकली.

"बाई... फरशी गार लागतेय."

"कुठे गं?"

"मागे. टाचेला."

मामा धपकन खाली बसला. टाचेखाली बोट सरकवून पाहिलं. बोट जाईना. दुसऱ्या टाचेखालीही जाईना. त्याचे डोळे घळघळा वाहू लागले.

"मी तुमच्यावर ओरडलो..."

"ओरडलात, त्याचं काही नाही. पण नंतर बोलला नाहीत ना... ते मला सहन झालं नाही."

तो आ वासून बघतच राहिला. "म्हणजे... तुम्हालाही?"

"हो. मलाही."

"माझे पाय दुखले!" भिंगरी ओरडली. दोघांनी एकदमच हात पुढे केले.

"नको. मीच बसणार."

आणि दांडीला धरून ती हळूहळू, आपली आपण खाली बसली. या दोघांचे हात मात्र एकमेकांत तसेच राहिले.