गाळलेली चार पानं

"अहो, दगड खाताय का?"

विद्यापीठाच्या फाटकाबाहेर तो उभा होता. कानटोपीत अर्धा बुडालेला, गोठून काळ्या पडलेल्या नासपतीत दात रोवून. हे फळ आधी पाण्यात भिजवायचं, मऊ झालं की चोखायचं, हे चीनच्या उत्तरेकडच्या या हार्बिनमधलं शेंबडं पोरही सांगेल.

"दक्षिणेतला आहे हो मी… चांगशाचा," तो ओठ चोळत म्हणाला. "फान शूहाई. रशियन तत्त्वज्ञानाच्या परिषदेला आलोय."

"तरीच! मीही त्याच परिषदेला आलेय. चिआओ युन. चला, भिजवून देते."

शेजारच्या शेवयांच्या दुकानात मी वाडगाभर पाणी मागितलं, फळ त्यात सोडलं. तो माझ्याकडे बघत होता, वाडग्याकडे नाही.

"रशियन कुठं शिकलात?"

"इथल्याच रशियाच्या सरहद्दीवर. बाबा लाकडाचा ट्रक चालवायचे. आधी शिव्या शिकले, मग तत्त्वज्ञान."

"एखादी शिवी ऐकवा ना."

"ओळख वाढू द्या… एक राखून ठेवलीय. माझा प्रबंध अडवणाऱ्या परीक्षकासाठी. त्याचं नाव गुप्त, म्हणून शौर्य! लिहितो कसा — मी दिलेलं प्रेमाबद्दलचं अवतरण मूळ रशियन पुस्तकात नाहीच, लेखिकेनं रचलंय. आता उन्हाळ्याआधी पदवी मिळाली नाही, तर कॉलेजातली नोकरी गेलीच."

त्याचा चेहरा उतरला.

"ते… मी लिहिलं."

"काय?"

"प्रबंध आमच्या सरांकडे येतात. वाचतो मी, सही त्यांची. मी चिनी अनुवादात शोधलं. ते वाक्य नव्हतं."

"त्यात चार पानंच नाहीत! जुन्या अनुवादकाला प्रेम फालतू वाटलं, गाळून टाकलं. तुम्हाला रशियन येतं ना? मग मूळ पुस्तक उघडायला हात मोडले होते? थोरानं न वाचता सही करायची, धाकट्यानं वरवर चाळायचं, आणि मरायचं आम्ही!"

"हो," तो म्हणाला. एवढंच. एकही सबब नाही. मेला, तिथंच आवडला… त्याचाही मला राग आला.

"हे दुपारी सभेत बोला. तुमच्या सरांसमोर."

"माझी नोकरी त्यांच्या हातात आहे."

"माझी तुमच्या हातात होती."

मी निघून गेले.

दुपारी सभेत तो बोलायला उभा राहिला. सगळं बोलला. चूक माझी, अवतरण खरं, अभिप्रायही मीच लिहिलेला. त्याचे म्हातारे सर चष्मा पुसतच राहिले.

"मूळ पुस्तक आहे का कुणाकडे?" शेवटी त्यांनी विचारलं.

मी पिशवीतून काढून दिलं. त्यांनी चारही पानं वाचली, सगळ्यांना ताटकळत ठेवून.

"अभिप्राय मी मागे घेतो. सही माझी होती, लाजही माझीच. आणि फान, यापुढे तू तुझ्या नावानं लिही. माझ्याकडे नको."

बाहेर बर्फ भुरभुरत होतं. तो पायरीवर थांबला होता.

"गेली नोकरी," तो म्हणाला. "आता तरी ती शिवी…?"

"आता नाही आठवत."

"मग ती चार पानं वाचून दाखवाल? मी चिनीत आणेन."

"एक ओळ जरी गाळलीत ना…"

"एकही नाही." तो अडखळला. "सावकाश करू या का? म्हणजे… खूप वर्षं लागतील असं?"

त्यानं खिशातून नासपती काढली. सकाळीच वाडग्यातून उचलली असावी. बाहेरच्या थंडीत पुन्हा दगड झाली होती.

"आणा इकडे," मी म्हटलं. "घरी भिजवू."