‘बघू’

ॲड. नंदिनी होटकर यांच्या कानात हरभऱ्याएवढं एक यंत्र होतं. सोलापूरच्या कोर्टात आता ते प्रत्येक वकिलाच्या कानात असे. नाव ‘सावध’. माणूस बोलायच्या आधी त्याच्या घशाचे स्नायू किंचित हलतात. ती हालचाल वाचून सावध वाक्य ओळखायचं, आणि ते धोक्याचं असलं तर तोंडाबाहेर पडण्याआधीच टिक करायचं. सावध नाही तर हलगर्जीच्या दाव्यांपासून वाचवणारा विमा नाही, आणि विमा नाही तर सनद नाही. वकिलांविरुद्धच्या तक्रारी जवळपास संपल्या होत्या. वकिलांचं बोलणंही संपत आलं होतं, पण त्याची तक्रार कोण करणार!

समोर पद्मा येलदंडी बसली होती. वेगळ्या झालेल्या नवऱ्यानं तडजोड पुढे केली होती. मुलगी त्याच्याकडे राहील, शनिवार-रविवार पद्माकडे. आज कोर्ट उठायच्या आत सही झाली नाही, तर तडजोड रद्द आणि मुलीच्या ताब्यासाठी खटला.

“सही करू का नको ओ मॅडम?”

खटला झाला तर पद्मा हरणार, हे नंदिनीला स्वच्छ दिसत होतं. मुलीनंच वडिलांकडे राहायचं म्हटलं होतं. ‘सही करा, निदान दोन दिवस तरी हातात राहतील,’ हे वाक्य तिच्या घशाशी आलं.

टिक. “निकालाचं भाकीत,” कानातला गोड आवाज म्हणाला. “चुकलं तर दावा तुमच्यावर.”

“दोन्ही बाजू मी सांगितल्यात,” नंदिनी म्हणाली. “निर्णय तुमचा.”

“मला कळत असतं तर तुमच्याकडं कशाला आले असते? लढले तर पोरगी मिळेल ना?”

‘नाही.’ टिक. ‘कठीण आहे.’ टिक. सावधला चालणारा एकच शब्द उरला.

“बघू.”

हा शब्द मोठा लबाड. बाप मुलाला ‘बघू’ म्हणाला तर तो नकार असतो. वकील म्हणाला तर अशिलाला वाटतं, काम झालं. सावधला मराठी येत होती, पण एवढी नाही.

पद्माचा चेहरा उजळला. “बस्स! तुम्ही बघू म्हणालात ना, मग लढायचंच. तडजोड नको म्हणून त्यांच्या वकिलाला सांगून येते.” ती निघालीसुद्धा.

नंदिनी धावत दाराशी गेली. ‘अहो, तसं नव्हे, तुमचा गैरसमज...’

टिक, टिक, टिक. “दुरुस्ती म्हणजे चुकीची कबुली. शांत राहा. आतापर्यंतचं संभाषण निर्दोष आहे.”

निर्दोष! तिला स्वतःची शिसारी आली. तिनं सावध कानातून उपसून फेकून दिलं. सनद त्याच क्षणी स्थगित झाली असणार. गेली तर गेली.

“पद्माताई, थांबा!”

पद्मा जिन्यावर वळली. “काय ओ मॅडम?”

नंदिनीनं तोंड उघडलं आणि ती थांबली. टिक होतेय का, याची वाट बघत. इतक्या वर्षांत कानाला विचारल्याशिवाय तिनं एकही वाक्य पुरं केलं नव्हतं. ‘सही करा.’ दोनच शब्द, आणि ते घशातून हलेनात. आता अडवणारं कुणीच नव्हतं, तरी हलेनात.

पद्मा एक पायरी वर आली.

“बोला ना ओ. तुमच्या मनात काय आहे?”