राणीच्या अंगावरचं सोनं

"ताई, तुमचं सोनं गेलं."

वाद्यांच्या दुकानदारानं फोनवर एवढंच सांगितलं, आणि ताईनं कपाळाला हात लावला.

चोरी झाली असं तिला वाटलंही नाही. या वाक्याचा अर्थ तिला आता पाठ झाला होता. कारखान्याची आणखी एक गिटार परत येणार होती. ज्याच्यावर तारा टेकतात त्या ब्रिजवरचं सोन्याचं पाणी उडालं होतं आणि खालचं पांढरं निकेल उघडं पडलं होतं. वर्षानुवर्षं टिकावं असं सोनं सहा महिन्यांतच राम म्हणत होतं.

कारखाना तिघा भावंडांचा. थोरला दादा मागच्या शेडमध्ये सुटे पितळी भाग टाक्यांत बुडवून त्यांना आधी निकेलचा, मग सोन्याचा मुलामा देई. मधली ताई गिटारी जोडी, तारा चढवी, सुरात लावून देई. धाकटा गिऱ्हाइकं सांभाळी आणि उरलेल्या वेळात आरडाओरडा करी.

"आता पुरे झालं," धाकटा म्हणाला. "शनिवारी बाहेरचा मुलामेवाला येतोय. काम त्याला देणार. दादाच्या टाक्या बंद."

"दादाला विचारलंस?"

"पाणी पातळ करताना त्यानं मला विचारलं होतं?"

"त्यानंच केलं कशावरून?"

"मग काय, उंदरांनी सोनं खाल्लं?"

"शनिवारपर्यंत थांब. मी शोधून काढते."

"शोध. तोवर आणखी दोन परत येतील."

ताईला दोघांचाही संताप आला. सख्ख्या भावाला चोर ठरवताना धाकट्याची जीभ अडखळली नव्हती. आणि दादा, ज्याच्या कामाला कोणी नख लावलं तरी घर डोक्यावर घ्यायचा, तो यावेळी मूग गिळून बसला होता. चोर म्हणून गेला तर तो पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एकदा तुटलेली माणसं जोडायला तिच्याकडे पाना नव्हता.

सगळ्यात आधी तिनं तक्रार करणाऱ्या एका वादकाला गाठलं. हॉटेलात वाजवणारा, बोलघेवडा माणूस.

"हाताला घाम येतो तुमच्या?"

"दिव्यांखाली उभं राहून कोणाला येत नाही?"

"वाजवून झाल्यावर काय करता?"

"तुमच्या माणसानं सांगितलं तेच. मऊ फडक्यानं पुसतो."

"फडक्याला काही लावता? पॉलिश, पावडर, टूथपेस्ट?"

"बाई, टूथपेस्ट मी दातांना लावतो."

"ही एकच गिटार आहे तुमच्याकडे?"

"सरावाला एक साधी आहे. तुमच्याच कारखान्याची."

"तिचं सोनं?"

"तिला काय धाड भरलीय? आहे तस्सं आहे. मी तर तिला पुसतही नाही कधी. पुसू का?"

ताई वैतागून परतली. हात तोच, घाम तोच. मग महागडीचं सोनं जातं आणि साधीचं राहतं, हे कसं? घाम काय गिटारीची किंमत विचारून बाहेर पडतो?

कारखान्यात महागड्या गिटारीला सगळे 'राणी' म्हणत. राणीचं लाकूड भारी, आवाज भारी, पण ब्रिज मात्र साधीला असे तोच. एकाच साच्यातला, एकाच टाकीत बुडवलेला. आणि आजवर परत आलेल्या सगळ्या राण्याच होत्या. साधी एकही नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

ती शेडमध्ये गेली. दादा टाकीपाशी स्टुलावर बसून चहा पीत होता. हातात रबरी मोजे तसेच होते, कप दोन्ही तळव्यांत धरलेला.

"दादा, पाणी पातळ झालं होतं का रे कधी?"

"झालं असेल."

"असेल म्हणजे? तू असं बोलत नाहीस."

"वय झालं. धाकट्याला म्हणावं, दुसरा बघ."

"त्याच्याशी भांड ना मग. मला काय सांगतोस?"

"मी बोललो की तो म्हणतो, हा सीझन जाऊ दे. गिऱ्हाईक बोललं की पळत येतो. कशाला तोंडाची वाफ दवडू?"

"शेडमध्ये आणखी कोण येतं?"

"या वासात कोण येणार? मी आणि माझ्या टाक्या."

रुसलाय, ताईला वाटलं. थोरल्यांचा रुसवा काढायचा म्हणजे दगडाला पाझर फोडायचा. तिनं नाद सोडला आणि आपल्या टेबलापाशी आली.

परत आलेल्या एका राणीचा ब्रिज तिनं खोलला. स्क्रूच्या वॉशरखाली सोन्याची बारीक गोल कडी तशीच लखलखत होती. वॉशर बसवला होता तिनं स्वतः. त्याच्याखाली ना हात पोहोचत होता, ना घाम, ना फडकं.

तिनं त्या कडीवर खोडरबर घासला. चार-दोनदा घासताच सोनं रबराला लागलं आणि खालचं पांढरं दिसू लागलं. मग साधीचा एक ब्रिज घेऊन तसाच घासला. हात दुखायला लागला, सोनं हललं नाही.

घाम निर्दोष होता, फडकं निर्दोष होतं. राणीवरचं सोनं झिजलं नव्हतंच. ते पुरतं चढलंच नव्हतं. आणि शेडमध्ये माणूस एकच. धाकट्याचं खरं निघालं, याचाच तिला जास्त त्रास झाला.

रागारागात तिनं साधीच्या ब्रिजच्या कोपऱ्यावर कानस मारली. निकेल गेलं, पिवळं पितळ लगेच दिसलं. मग राणीच्या कोपऱ्यावर मारली. पितळ दिसेना. आणखी मारली, तरी दिसेना. तिचा हात हळूहळू थांबला आणि राग कुठल्या कुठे गेला.

शनिवारी बाहेरचा मुलामेवाला यायच्या आधीच तिनं दोघांना आपल्या टेबलापाशी बसवलं.

"राणीला सोनं दादानंच पातळ दिलं," ती म्हणाली.

धाकट्यानं टेबलावर हात आपटला. "मी कधीपासून सांगतोय!"

"तुझं निम्मंच खरं आहे. आता मी विचारते, तू सांग. तुला सोनं मारायचं असतं तर कुठल्या गिटारीवरचं मारलं असतंस?"

"साध्यांवरचं. त्या जास्त विकल्या जातात. आणि कोण बघतंय?"

"तिथं यानं पुरेपूर दिलंय. मारलं कुठे? राणीवर. जिचं गिऱ्हाईक एवढासा डाग दिसला तरी थेट तुला फोन करतं. बरं, खालचं निकेल बघ. साधीच्या दुप्पट आहे. का? तर सोनं गेलं तरी पितळ उघडं पडू नये, गिटार खराब होऊ नये. घर फोडून जाताना दाराला नवं कुलूप लावणारा चोर पाहिलायस कधी?"

धाकटा दादाकडे बघू लागला. दादा जमिनीकडे.

"सोनं वाचवायचं नव्हतंच त्याला. त्याला पकडलं जायचं होतं," ताई म्हणाली. "दादा, मोजे काढ."

"राहू दे गं."

"काढ."

दादानं मोजे काढले. बोटं लालभडक सुजली होती. सांध्यांवरची कातडी फाटून चिरा पडल्या होत्या, काही ओल्या होत्या. निकेलची खाज. मुलामेवाल्याला एकदा धरली की टाकी सुटेपर्यंत सोडत नाही.

"डॉक्टरांनी टाक्यांपासून लांब राहायला सांगितलंय," दादा म्हणाला.

"मग बोलायचं नाही?" धाकट्याचा आवाज चढला. "तोंड नाही का तुला?"

"बोललो की. तू म्हणालास, हा सीझन जाऊ दे. पुन्हा बोललो. म्हणालास, राणीची मोठी ऑर्डर आहे. तिसऱ्यांदा बोललो तर हे मोजे आणून दिलेस." दादाचा आवाज शांत होता. "जाताना आईनं माझ्याकडून वचन घेतलं होतं, धाकट्याला सोडून जाऊ नकोस म्हणून. मला सोडता येत नव्हतं. तू हाकललं असतंस तर वचन मोडलं नसतं. आणि तू ऐकतोस ते फक्त गिऱ्हाइकाचं. म्हटलं, गिऱ्हाइकाच्याच तोंडून सांगू."

धाकट्यानं दादाचा हात उलटसुलट करून पाहिला.

"बंद," तो म्हणाला. "आजपासून टाक्या बंद. बाहेरच्याला देऊ सगळं काम. फक्त ही चालू खेप तेवढी..."

शब्द तोंडातच राहिले. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. तो उठला, मागच्या शेडमध्ये गेला आणि टाक्यांचे हीटर एकामागून एक बंद करू लागला. खटके इथपर्यंत ऐकू येत होते.

आता ताईचा बांध फुटला.

"आणि मी? लोकांना घाम येतो का विचारत हिंडले मी. तुझ्यावरचा आळ जावा म्हणून जिवाचं रान केलं. धाकट्याचं सोड, तो आहेच तसा. मला एका शब्दानं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

दादानं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, तो असता तर तिला बरं वाटलं असतं.

"तायडे, सगळ्यात आधी तुलाच तर सांगितलं होतं. इथंच, या टेबलापाशी उभा राहून. तू तारा चढवत होतीस. 'हं' म्हणालीस."

ताईनं आठवून पाहिलं. खूप आठवून पाहिलं. ते 'हं' काही तिला आठवेना.